रुमालाखाली

माझा बाप चोपड्याच्या बैलबाजारात दलाल.
घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात, वर रुमाल.
बोट दाबलं की हजार, पंजा धरला की पाच,
आणि तोंडानं गप्पा :
यंदा भरताच्या वांग्यात बियाच फार.
बैल तिथंच उभा, रवंथ करत.
त्याची किंमत त्याच्या वशिंडापासून हातभर अंतरावर ठरायची.

मी त्याच गावात, ट्रस्टच्या दवाखान्यात,
बाळंतिणींच्या वॉर्डाची आयाबाई. अकरा वर्षं.
मस्टरवर नाव नाही. ठेकेदाराच्या वहीत आहे,
‘कोकिळाबाई व इतर तीन’.
इतर तीनमध्ये जुलेखा तडवी, यावलची.
इतर तीनमध्ये सुमरीबाई पावरा,
जी पाड्यावरून आलेल्या पोरींना त्यांच्या बोलीत सांगते
जोर कधी लावायचा;
तेव्हा डॉक्टरही तिच्याच तोंडाकडं बघत राहतात.

वैशाखात सुमरीच्या बोटात सुई गेली. वापरलेली.
ऑफिसात म्हणाले, हिचं इंजेक्शन ठेकेदार देईल.
ठेकेदार म्हणाला, सुई कुणाची?
ती दोन दिवस बोट वर धरून हिंडली,
वर्गात उत्तर येत असलेल्या पोरीसारखी.

मग धुण्याच्या खोलीत, ओल्या चादरींच्या आड,
आम्ही कागद केला.
अंगठ्यांना शाई मिळेना.
जुलेखानं बाळाच्या पावलांचे ठसे घ्यायचं पॅड आणलं,
ज्यावर आजवर किती टाचा मीच टेकवल्या, मोजल्या नाहीत.
दोन दिवसांनी नर्सा आल्या. आधी स्नेहल नेरकर.
तिनं उभ्यानंच वाचलं,
एका जागी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, मग सही.
त्रेसष्ट नावं. त्यातले सत्तावीस अंगठे.

बोलणी चार वेळा बसली.
भाऊसाहेब म्हणाले, तुम्ही तर घरच्याच बाया.
जुलेखा म्हणाली, घरच्यांना जेवायला वेळ असतो.
रात्रपाळीचे आम्ही साठ मागितले, त्यांनी पंधरा म्हटले.
चहा आला, बिस्किटं आली,
पंधराचे अठरा झाले.
बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि एसीत मला हुडहुडी.

तिसऱ्या बैठकीत हिशेबनीस मला
सिलिंडरांच्या आडोशाला घेऊन गेला.
घाम पुसायचा रुमाल त्याच्या हातावर तसाच.
ताई, तुमचं एकटीचं मस्टरवर घेऊ, एक तारखेपासून.
माझ्या बोटांना, खरं सांगते, ती बोली येत होती.
घरी पोरीची नर्सिंगची फी.
एक बोट दाबायचं, बस.
मी गप्प राहिले.
किती वेळ, ते जुलेखाला अजून सांगितलं नाही.
मग बाप ज्या आवाजात बैल वळवायचा त्या आवाजात
अहिराणी आली तोंडात :
जोरमा बोल, भाऊ. कितला?
केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

करार झाला. रात्रीचे बत्तीस रुपये.
हातमोजे. सुई लागली तर इंजेक्शन त्याच दिवशी,
दवाखान्याच्या खर्चानं.
मस्टरवर एक्केचाळीस. बाकी बावीस ‘विचाराधीन’.
स्नेहलनं जिन्यात उभं राहून मोठ्यानं वाचला.
माझा आकडा आला.
कमीच होता,
पण वॉचमनपासून लॅबवाल्या पोरापर्यंत
सगळ्यांच्या कानांवर पडला, माझ्याही.
सुमरी बावीसांत.
तिनं विचारलं, विचाराधीन म्हणजे कोणता महिना?
कुणी बोलेना.

तेवढ्यात वरून हाक, आयाबाई!
मुलगी झाली, अडीच किलो, रडकी.
टाच पॅडवर टेकवली, ठसा फिकट आला.
शाई संपत आली होती.
जुलेखाला म्हटलं, नवीन पॅड मागव.
जिन्यात सुमरी अजून उभीच होती.
म्हटलं, दोन मागव.